फोन लागतो, मग लाईन चांगली? घरातल्या टेलिफोन वायरिंगची तपासणी

(वणी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय तसा छोटा आहे. खांबावरून आपल्या घरात टेलिफोनची तार येते. ती आत आल्यावर कुठेकुठे फिरते, आणि तिच्यावर इंटरनेट नीट चालत नसेल तर दोष कसा शोधायचा, एवढंच आज बघायचंय. विषय छोटा असला तरी त्यावरून भांडणं मोठी होतात. ग्राहक म्हणतो, दोष बाहेर आहे. लाईनमन म्हणतो, बाहेर सगळं ओके आहे, दोष तुमच्या घरात. गंमत अशी की पुष्कळदा दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

आम्ही ही कामं करणारी माणसं आहोत, त्यामुळे सुरुवात एका कामापासूनच करतो.

इथल्याच बाजारपेठेत एक सेवा केंद्र होतं. सातबारा, दाखले, वीजबिल आणि जुलै महिन्यात पीक विम्याचे अर्ज. खरिपाच्या विम्याची शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते, आणि तो शेवटचा आठवडा म्हणजे दारात रांग. त्या वर्षी नेमकं त्याच आठवड्यात इंटरनेट असं वागायचं: सकाळी ठीक, दुपारी पावसाची सर आली की मोडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा, अर्ज अर्ध्यात लटकायचा. मालकाने तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा तक्रार "लाईन ओके" म्हणून बंद झाली, कारण फोन खणखणीत वाजत होता, बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. त्याने पदरचे पैसे घालून दोन मोडेम बदलले. तरी तेच. आणि रांगेतली माणसं म्हणायला लागली, हा मुद्दाम करतोय, ओळखीच्यांचे अर्ज सकाळीच उरकून घेतो. गावात दुकान चालवणाऱ्या माणसाला हे फार लागतं. आम्हाला त्याने बोलावलं तेव्हा मुदत संपायला दोन दिवस होते.

तिथे काय सापडलं ते नंतर सांगतो. आधी तारेचा प्रवास बघू.

तार येते कुठून

एक्स्चेंजमध्ये एक मोठी चौकट असते, एमडीएफ. प्रत्येक ग्राहकाची दोन तारांची जोडी तिथून निघते. मग जमिनीखालची केबल, रस्त्याकडेला पिलर, तिथून खांबावरची छोटी पेटी, म्हणजे डीपी. इथे एक खुलासा. तुम्ही शेतकरी मंडळी डीपी म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यापुढे विजेचा ट्रान्सफॉर्मर येतो. (हशा) टेलिफोनवाल्यांची डीपी म्हणजे आठ-दहा जोड्यांची साधी डबी. त्या डबीतून तुमच्या घरापर्यंत जी तार लोंबत येते ती ड्रॉप वायर, आणि ती घरात जिथे पहिल्यांदा संपते ती भिंतीवरची डबी म्हणजे रोझेट. आजच्या सगळ्या बोलण्यात ही रोझेट लक्षात ठेवा. तिच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं सेवा देणाऱ्याचं, असा साधारण रिवाज आहे.

आता थोडा इतिहास. १९८४ साली सी-डॉट ही संस्था सुरू झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लाईनचं छोटं डिजिटल एक्स्चेंज तयार केलं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसलं, आणि मग गावोगावी पसरलं. त्यामागून पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ आली. म्हणजे एक्स्चेंज डिजिटल झालं, पण तिथून घरापर्यंतची तांब्याची जोडी होती तशीच राहिली. फक्त आवाज नेण्यासाठी टाकलेली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि त्याच जुन्या जोडीवर आपण इंटरनेट चढवलं. घरातली वायरिंग मात्र कोणी बदलली नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

आवाज चालतो, डेटा का नाही

टेलिफोनवरचं बोलणं साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात मावतं. एडीएसएल त्याच्या वर, साधारण २६ किलोहर्ट्झपासून सुरू होतं, आणि एडीएसएल टू प्लस २२ लाख हर्ट्झपर्यंत, म्हणजे २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. त्या पट्ट्याचे सव्वाचार किलोहर्ट्झच्या आसपासचे शेकडो छोटे कप्पे केलेले असतात आणि मोडेम प्रत्येक कप्प्यात जमेल तेवढा माल भरतो. ज्या कप्प्यात गोंगाट जास्त, तिथे कमी माल.

आता समजा घरात रोझेटपासून मागच्या खोलीत एक फाटा नेलाय आणि तिथला फोन कधीच काढून टाकलाय. तार तशीच, टोक मोकळं. आवाजाला त्याने काही फरक पडत नाही. पण वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल त्या फाट्यात शिरतो, मोकळ्या टोकावर आपटतो आणि परत येतो. विहिरीत हाक मारल्यावर यावी तशी ही प्रतिध्वनी. परतलेला सिग्नल मूळ सिग्नलला नेमका उलटा पडला, की तो कप्पाच मरतो. हिशेब सोपा आहे. तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण २० कोटी मीटर जातो. फाट्याच्या लांबीची चौपट करा आणि २० कोटीला तिने भागा. ५० मीटरचा फाटा असेल तर उत्तर येतं १० लाख हर्ट्झ. २५ मीटर असेल तर २० लाख. म्हणजे एखाद्या वाड्यात किंवा दुकान-गोदामाच्या मध्ये जेवढी तार लागते, तेवढ्याच लांबीचा फाटा एडीएसएलच्या पट्ट्यात बरोबर भोक पाडतो. म्हणून फोन लागतो, एवढ्यावरून लाईन चांगली आहे असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट पिळाची. केबलमधली जोडी पिळलेली असते, वेणीसारखी. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि दोन्हींतला फरक घेतला की तो वजा होतो. बेलने १८८१ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. पण घरात आपण काय टाकतो? बाजारातली स्वस्त, चपटी, बिनपिळाची तार. तीही ट्यूबलाईटच्या पट्टीतून, विजेच्या वायरला चिकटून. मग ती तार न राहता अँटेना होते.

तपासणीचा क्रम

पहिलं, जीव. टेलिफोनच्या तारेवर एरवी साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग येते तेव्हा ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. ओल्या हाताला तो चांगला झटका देतो. विजा चमकत असताना काम करायचं नाही. आणि ड्रॉप वायर वाटेत कुठे विजेच्या तारेला टेकलीय का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

दुसरं, कान. साधा वायरवाला फोन घ्या, कॉर्डलेस नको. डायल टोन आल्यावर कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. त्या शांततेत ऐका. खरखर असेल तर सैल किंवा गंजलेला जोड. एकसारखी घूं असेल तर एक तार कुठेतरी ओल धरून जमिनीला लागतेय. फोन उचलला किंवा रिंग आली की नेट जात असेल तर दोनच संशयित: स्प्लिटर नाही किंवा खराब आहे, नाहीतर एखादा जोड गंजलाय. आणि एक उलटा प्रकार: फोन पूर्ण डेड, पण इंटरनेट मात्र रडतखडत चालू. लोक चक्रावतात. याचा अर्थ बहुतेक वेळा दोनांपैकी एकच तार तुटलीय. डीसी प्रवाहाला पूर्ण वर्तुळ लागतं, वरच्या फ्रिक्वेन्सीला मात्र तुटलेल्या जागेवरूनही थोडीफार उडी मारता येते.

तिसरं, मोडेमचे आकडे. मोडेमच्या पानावर दोन आकडे बघा. अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. तो अंतरावर ठरतो, त्याचं तुम्ही काही करू शकत नाही. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटापासून किती अंतर राखलंय. साधारण ६ डेसिबल तरी हवं. त्याखाली गेलं की लाईन तुटायला लागते. हे आकडे सकाळी, दुपारी, रात्री आणि पाऊस पडल्यावर वहीत लिहून ठेवा. नुसती "नेट स्लो आहे" अशी तक्रार केली तर कोणी फार ऐकून घेत नाही. "सकाळी १०, पावसात ४" असं लिहिलेलं दाखवलं की समोरच्याला विचार करावा लागतो.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: घर तोडून बघा. (हशा) म्हणजे भिंती नाही, वायरिंग. रोझेटचं झाकण काढा. बाहेरून आलेली जोडी तेवढी स्क्रूवर ठेवा. आत जाणारे सगळे फाटे सोडवा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. मग वीतभर तारेने मोडेम थेट तिथे लावा आणि अर्धा तास थांबा. आकडे सुधारले तर दोष आत, तुमचा. तसेच राहिले तर दोष बाहेर, आणि आता तुम्ही ते ठामपणे सांगू शकता. हे न करता मोडेम बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पाचवं, मल्टीमीटर. बाहेरच्या जोडीवर डीसी व्होल्टचीच रेंज लावायची. ओहमची रेंज चालू लाईनवर कधीच नाही. रीडिंग खोटं येतं आणि मीटरही जाऊ शकतो. फोन ठेवलेला असताना ४८ ते ५० व्होल्टच्या आसपास, फोन उचलल्यावर ६ ते १० व्होल्ट, असं दिसलं तर ठीक. फोन न उचलताच व्होल्ट पडलेले असतील तर कुठेतरी गळती आहे.

आतले फाटे बाहेरच्या जोडीपासून सोडवलेत, फोन-मोडेम काढलेत, की मग ओहमची रेंज. एका फाट्याच्या दोन तारांमध्ये मोजा. मीटरने अनंत दाखवलं पाहिजे. काही लाख ओहम दिसले आणि आकडा सारखा सरकत असेल तर ओल आहे. अशा फाट्यावर कधीकधी थोडासा व्होल्टही दिसतो, सगळं काढलेलं असताना! ओली माती, क्षार आणि तांबं मिळून तिथे छोटी बॅटरीच तयार झालेली असते. मग लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र पिळा आणि परत मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला किलोमीटरमागे जाऊन-येऊन साधारण १६८ ओहम लागतात. म्हणजे ३० मीटरच्या फाट्याला ५ ओहम. तिथे ४० दिसले तर मधे एखादा जोड कुजलाय.

त्या केंद्रात काय निघालं

आता आपल्या सेवा केंद्राकडे येऊ. आम्ही गेलो तेव्हा पाऊस सुरू होता, दिवा लुकलुकत होता, मार्जिन ४ वर. रोझेट उघडली. आत तीन फाटे. एक मोडेमचा, एक टेबलावरच्या फोनचा. तिसरा कुठे जातो ते मालकालाही सांगता येईना. सगळे सोडवून मोडेम थेट लावला. मार्जिन ११. पाऊस चालूच होता.

मग एकेक फाटा परत जोडला. पहिला जोडला, ११. दुसरा जोडला, १०. तिसरा जोडला आणि ४. त्या तिसऱ्याचा माग काढत आम्ही दुकानाच्या मागच्या दाराने वाड्यात शिरलो. तार न्हाणीच्या भिंतीवरून, कौलांखालून, मागच्या खोलीपर्यंत गेलेली, पस्तीसेक मीटर. टोक भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेलं, आणि बरोबर पागोळीखाली. मालकाचे वडील तिथे आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही मीच टाकलेली. आपलं एसटीडी बूथ होतं ना, रात्री उशिरा रिंग आली तर घरात कळावी म्हणून." बूथ बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. पस्तीस मीटरचा हिशेब करा: १४ लाख हर्ट्झच्या आसपास भोक. ते बाराही महिने होतं, म्हणून वेग कधीच पूर्ण मिळत नव्हता. आणि सर आली की भिजलेल्या टोकातून गळती, म्हणून लाईन तुटत होती.

लाईनमनने फोन लावून "ओके" म्हटलं ते खोटं नव्हतं. बोलण्यासाठी लाईन ओकेच होती. मालक म्हणत होता नेट जातंय, तेही खोटं नव्हतं. चूक एवढीच, की रोझेटपाशी उभं राहून दोन भाग करायचे कोणी सुचवलं नाही. पक्कडचा एक टचका आणि काम संपलं. त्या संध्याकाळी त्याने दुकान रात्री अकरापर्यंत उघडं ठेवलं. मधल्या दिवसांत जे कंटाळून परत गेले, त्यांच्यातले किती परत आले ते मात्र त्यालाच माहीत.

आयएसडीएन आणि फायबर

आणखी दोन प्रकारच्या लाईनबद्दल थोडक्यात. बँका आणि मोठ्या ऑफिसांत पूर्वी आयएसडीएन असायचं: ६४ किलोबिटचे दोन मार्ग आणि संदेशासाठी १६ चा एक, मिळून १४४. तिथे बाहेरून दोन तारा यायच्या, एनटी नावाच्या डब्यात संपायच्या आणि त्यापुढे चार तारांची बस, तिच्यावर आठपर्यंत उपकरणं. बसच्या शेवटच्या टोकाला प्रत्येक जोडीवर १०० ओहमचा रेझिस्टर लागतो, तो सिग्नल परत आपटू नये म्हणून. दोष बहुधा तिथेच: रेझिस्टर नाही, किंवा मधल्याच सॉकेटमध्ये बसवलेला. एनटी आणि सगळी उपकरणं काढून जोडीवर १०० ओहम दिसले तर ठीक. ५० दिसले तर कोणीतरी दुसरा बसवलाय.

आणि आता फायबर. काचेची तार भिजली म्हणून गळत नाही, पण ती जास्त वाकवली की प्रकाश बाहेर सांडतो. डब्यावरचा एलओएसचा लाल दिवा लागला तर आधी कपाटामागे तार मुडपलीय का बघा. पण लक्षात घ्या, फायबरच्या डब्यातून फोनसाठी जी तार निघते ती पुन्हा तांब्याचीच, आणि बरेच जण ती घरातल्या जुन्या वायरिंगला जोडतात. मग आजचं सगळं पुन्हा लागू होतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आम्ही फायबर घेतलं. जुन्या वायरिंगवरचे फोन त्याच डब्यावर चालतील का?

उत्तर: चालतील, पण एक गोष्ट आधी करा. रोझेटमध्ये बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी सोडवा आणि टोकं वेगवेगळी टेप करून बांधा. ती राहिली आणि एक्स्चेंजकडून अजून ४८ व्होल्ट येत असेल तर तुमचा डबा एका बाजूने व्होल्ट देणार, एक्स्चेंज दुसऱ्या बाजूने. डब्यातलं फोनचं पोर्ट जळतं. शिवाय ड्रॉप वायर म्हणजे विजेला घरात यायची वाट, ती कशाला ठेवायची?

प्रश्न: चपटी तार काढून कॅट-फाईव्ह टाकली तर?

उत्तर: उत्तम. फक्त एकाच पिळातल्या दोन तारा घ्या. निळी आणि तिच्याबरोबर पिळलेली पांढरी-निळी. एक निळी आणि एक केशरी असं केलंत तर मीटरवर सगळं बरोबर दिसेल, पण पिळाचा फायदा शून्य. ही चूक शोधायला फार वेळ जातो, कारण मीटर ती पकडत नाही.

प्रश्न: पाऊस नाही, फाटा नाही, तरी रोज संध्याकाळी सातला नेट जातं.

उत्तर: सातला घरात काय लागतं ते बघा. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर. एक जुना रेडिओ घ्या, मीडियम वेव्ह लावा, जिथे स्टेशन नाही तिथे काटा ठेवा. मीडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ, म्हणजे एडीएसएलच्या पोटातच येतो. रेडिओ हातात घेऊन घरभर फिरा. जिथे तो किंचाळेल, तिथे चोर आहे.

प्रश्न: हे सगळं आम्ही करायचं, मग पैसे कशाचे भरतो?

उत्तर: (हशा) बाहेरचं काम बाहेरच्यांनीच करायचं, त्यात हात घालू नका. डीपी, पिलर उघडू नका. पण रोझेटपाशी दोन भाग करून बघणं हे तुमच्या फायद्याचं आहे. तक्रार करताना "सगळे फाटे काढून, मोडेम थेट लावून बघितलं, मार्जिन तरीही ४" एवढं एक वाक्य सांगा. मग "दोष तुमच्या घरात" म्हणून तक्रार बंद करणं अवघड जातं.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर रोझेटचं झाकण उघडा, कुठली तार कुठे जाते ते कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाच्या आतच ठेवून द्या. त्या केंद्रातल्या वडिलांनी असा एक कागद ठेवला असता, तर मुलाचे दोन मोडेम वाचले असते.